खाली पळतो, वर रांगतो

रेइनो किवेला एखाद्या यंत्रापुढे हरला, असं कॅनडातल्या आमच्या पोर्ट आर्थरच्या फिनिश वस्तीत कुणी कधी ऐकलं नव्हतं. उभी हयात त्यानं कागदाच्या गिरणीत मापयंत्रं आणि विजेच्या तारा सांभाळल्या. बंद पडलेलं काहीही त्याच्यापुढे ठेवा, बर्फ उपसायचं यंत्र ठेवा नाहीतर चर्चचा जुना ऑर्गन, तो ते उघडणार, फिनिशमध्ये दोन शिव्या हासडणार आणि चालू करूनच उठणार. बोलण्याच्या नावानं मात्र शंख. त्याची बायको सायमी हिचं एक ठरलेलं वाक्य होतं: "याच्या वाटचंही मलाच बोलावं लागतं, म्हणून मी एवढी बडबडी झाले."

सायमी खरोखर बडबडी होती, आणि लिहायचीही तशीच. चर्चचं एक छोटं फिनिश पत्रक निघायचं, 'तेर्वेइसिया' नावाचं. तेर्वेइसिया म्हणजे क्षेमकुशल. कोण जन्मलं, कोण गेलं, कुणाचा गुडघा बदलला, कॉफीच्या पंगतीत कुणाचा पुल्ला-पाव जास्त फुगला, सगळं त्यात. हे पत्रक सायमी एकटी लिहायची, आणि तिचं लग्न झाल्यापासूनच लिहीत आलेली. गेलेल्या माणसावर लिहावं तर सायमीनंच. चार ओळींत ती तो माणूस असा उभा करायची की वाचणाऱ्याला वाटावं, आत्ता दारात येऊन बुटांवरचा बर्फ झटकेल. "सायमी आपल्यावर लिहिणार असेल तर मरायला हरकत नाही," असं आमचे म्हातारे थट्टेनं म्हणत. मूलबाळ नव्हतं त्यांना. रेइनोला यंत्रं होती, तिला तेर्वेइसिया होतं, आणि शनिवारी सॉना, म्हणजे घरची वाफेची न्हाणी, तापला की दोघांना एकमेकं होती. बाई, आणखी काय लागतं माणसाला!

जुन्या विंडोजची मुदत संपली त्या वर्षीची ही गोष्ट. चर्चच्या हॉलच्या तळघरात मंगळवारी निवृत्त लोकांचा एक कंपू जमायचा. लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर आणायचे, धूळ झटकायची, त्यांवर लिनक्स ही फुकट मिळणारी यंत्रणा घालायची आणि गरजूंना देऊन टाकायचे. रेइनो त्यांतला म्होरक्या, आणि रेल्वेच्या सिग्नलखात्यातून निवृत्त झालेला ओरेस्ट त्यांतला वात्रट. रेइनोनं एकदा छाती फुगवून सांगितलं, "ही यंत्रणा मूळ आमच्या फिनलंडच्या पोरानं केलेली आहे." युक्रेनियन ओरेस्ट म्हणाला, "तरीच! काही विचारलं तर उत्तर देत नाही, नुसती बघत बसते."

तर मे महिन्यात रेइनोनं सायमीच्या कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं. मोठ्या हौसेनं घातलं. तिच्यासाठी पडद्यावर एकच चित्र ठेवलं: त्यावर दोनदा टिचकी मारली की तेर्वेइसियाचा कोरा अंक समोर यायचा, वर चर्चचा फोटो आणि खाली ठळक नाव. फोटो त्यानं स्वतः स्कॅन केला होता, तोही सगळ्यांत मोठ्या आकारात. खिडकीच्या रंगीत काचासुद्धा स्पष्ट दिसाव्यात म्हणून. सायमीनं बघितलं आणि त्याच्या टकलावर ओठ टेकले. "एवढं प्रेमपत्र तू मला लग्नाआधीही लिहिलं नव्हतंस," ती म्हणाली.

महिनाभर सगळं सुरळीत होतं. मग तक्रारी सुरू झाल्या.

"रेइनो, तुझं हे यंत्र चालत नाही रे."

"चालत नाही म्हणजे?"

"रांगतं. टिचकी मारली की विचार करत बसतं. आणि मी लिहिलेलं कुठे जातं कोण जाणे. खाऊन टाकतं मेलं."

रेइनो उठला, कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, तारा काढल्या आणि पेटी उचलून घराच्या तळघरातल्या आपल्या टेबलावर नेली. लावून बघितली तर हरणासारखी पळत होती. परत वर आणली. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा रांगायला लागली.

जूनमधला मध्य-उन्हाळ्याचा अंक उशिरा निघाला. ऑगस्टअखेर सायमीची बालमैत्रीण इर्या सालो गेली. दोघी एकाच बाकावर बसून शिकलेल्या, एकाच वर्षी लग्न झालेल्या, रोज सकाळी फोनवर बोलणाऱ्या. दफनाच्या वेळी सायमी रडली नाही, नुसती कबरीकडे बघत राहिली. घरी येऊन म्हणाली, "इर्याचं मी नीट लिहिणार आहे. घाईत नाही लिहिणार." पण सप्टेंबरचा अंक निघालाच नाही. विचारणाऱ्याला ती सांगे, "आमच्याकडचं यंत्र! रेइनोनं नवीन काहीतरी घातलंय ना." आणि लोक रेइनोकडे बघून हसत. दिव्याखाली अंधार म्हणतात, तसंच. गावभराची यंत्रं सुधारणाऱ्याच्या घरी हा प्रकार!

ऑक्टोबरच्या सुरुवातीला चर्चची पास्टर मारित कॉफीला आली. तरुण बाई, मनानं चांगली, पण सभासदांपुढे तिचंही काही चालत नव्हतं. कप हातात धरून तिनं हळूच विषय काढला.

"सायमी, पुढच्या महिन्यात सर्व संतांचा दिवस. वर्षभरात गेलेल्यांची नावं आपण वाचणार, मेणबत्त्या लावणार. त्या अंकाला उशीर चालायचा नाही."

"होणारच नाही उशीर."

"समितीचं म्हणणं आहे, या वेळीही नाही निघाला तर पत्रक ऑफिसकडे द्यावं. इंग्रजीत, दोन पानी, ई-मेलनं."

सायमीनं कप बशीत ठेवला. "इंग्रजीत इर्याबद्दल काय लिहिणार आहेत ते? ती इंग्रजीत जगली नाही. इर्याचं मी लिहिणार. आणि तेर्वेइसिया मी मरेन तेव्हाच दुसऱ्याच्या हातात जाईल, असं सांगा तुमच्या समितीला."

पास्टरबाई गेल्यावर तिनं रेइनोचं मनगट धरलं. असं ती कधी धरत नसे. "मला ते यंत्र नीट करून दे रे. एवढं एकच कर."

झालं! रेइनो हट्टाला पेटला. पंखे काढून धूळ फुंकली. प्रोसेसरवर नवा लेप लावला. शोध घेण्यासाठी फायली सारख्या चाळत बसणारी सोय बंद केली. पडद्यावरची शोभा काढून साधी मांडणी घातली. लिहितालिहिता मजकूर आपोआप जपून ठेवायची सोय असते, तीही बंद केली. डिस्कला तेवढीच उसंत. डिस्क दिवसभर तपासली, एक ओरखडा नाही. तरी जास्त वेगानं चालणारी नवी डिस्क बसवली. क्लबच्या डब्यातून काढून मेमरी दुप्पट केली. दर वेळी तेच: तळघरात पळणार, वर नेऊन ठेवली की रांगणार. मेमरी वाढवल्यावर एवढाच फरक पडला की आधी दुपारच्या जेवणाला रांगायची, ती आता चारच्या कॉफीला रांगायला लागली.

यातली एक गोष्ट सांगायला हवी. लिनक्समध्ये प्रत्येकाचं खातं वेगळं. रेइनोच्या हाती घरच्या सगळ्या यंत्रांच्या किल्ल्या होत्या, पण सायमीच्या खात्यात त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं. गिरणीत दुसऱ्याच्या लॉकरला हात लावणारा माणूस त्याच्या लेखी चोर. तपासायचं ते स्वतःच्या खात्यातून. आणि तपासण्याआधी रीस्टार्ट, कारण हे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांना तीच सवय लागलेली असते. बिघाड कुठलाही असो, आधी बंद करून चालू करायचं. ज्यानं ते केलं नाही त्याला मंगळवारच्या कंपूत उभंही करत नसत.

ओरेस्टला त्यानं सगळं सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज चढला. "डिस्क नवी, मेमरी दुप्पट, पंखे स्वच्छ. आता काय मी त्याला पाव भरवू?"

"भूत असेल," ओरेस्ट म्हणाला. "तुझ्या गेलेल्या सासूला कॉम्प्युटर आवडत नसेल."

"मस्करी नको, ओरेस्ट. तिचं पत्रक जाईल."

ओरेस्टनं हातातला गुलाबी साखरेचा पर्शियन बन खाली ठेवला आणि बोटं पुसली. "बरं, मला सांग. ती ओरडते, तू वर जातोस. पहिलं काय करतोस?"

"रीस्टार्ट."

"लेका, आमच्याकडे गाडी रुळावरून घसरली की पहिला नियम काय होता माहीत आहे? डबे हलवायचे नाहीत. जसे पडलेत तसे बघायचे. तू आधी डबे उचलून यार्डात रांगेत उभे करतोस आणि मग डोकं खाजवत विचारतोस, गाडी घसरली का? इतका कसा रे खुळा तू?"

रेइनोनं कपाळावर हात मारून घेतला. सगळं आयुष्य यंत्रं उघडण्यात गेलं आणि ही साधी गोष्ट ध्यानात येऊ नये! रोग रेड्याला आणि औषध पखालीला. तो डोकं हलवत घरी गेला, पण मनातून खूश होता. उत्तर जवळ आलंय, असं त्याला वाटत होतं. वाटेत दुकानातून सायमीला आवडतो तो वेलदोड्याचा पाव घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सायमी चर्चच्या स्वयंपाकघरात पुल्ला भाजायला गेली. जाताना ओरडून गेली, "बसलं तुझं यंत्र पुन्हा! हलतच नाही!" रेइनो तिच्या शिवणाच्या खोलीत गेला. कॉम्प्युटर चालूच होता, तिचं खातं उघडं होतं. त्याचा हात सवयीनं बटणाकडे गेला आणि त्यानं तो मागे घेतला. दुसऱ्याच्या लॉकरला हात लावतोय असं त्याला वाटलं. पण तिनंच तर सांगितलं होतं, नीट करून दे. तो खुर्चीवर बसला.

पडद्यावर तेर्वेइसियाचा अंक होता. वर चर्चचा फोटो, खाली नाव, आणि त्याखाली सायमीचा मजकूर:

"आपली इर्या सालो गेली. मला आज सकाळीच कळलं, आणि अजून खरं वाटत नाही."

रेइनोला जरा नवल वाटलं. आज सकाळीच? पण लिहिणाऱ्यांची काहीतरी रीत असेल, असं म्हणून त्यानं ती खिडकी खाली सारली. सारायला वेळ लागला, यंत्र खरंच रांगत होतं. मागे दुसरी खिडकी होती. तोच फोटो, तेच नाव.

"आपली इर्या सालो गेली. मला आज सकाळीच कळलं."

तिच्या मागे तिसरी. तिच्या मागे आणखी एक. रेइनो एकेक खाली सारत गेला आणि खालून तीच वर येत राहिली. कशात दोन ओळी, कशात एक. कशात इर्या शाळेत असताना शाईची दौत सांडून गुरुजींना मांजरीचं नाव सांगते, ती गोष्ट. अर्ध्या वाक्यात तुटलेली. पुढच्या खिडकीत तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून, जवळजवळ त्याच शब्दांत, जशी काही आत्ताच आठवली असावी. एकात तर नुसतं "आपली इर्या" एवढंच. आणि एकात, सुंदर लिहिलेल्या परिच्छेदाच्या मधोमध, कंसात एक आठवण होती: "इर्याच्या आईचं गाव कोणतं, ते इर्याला फोन करून विचारणे."

रेइनोचा हात थांबला.

काय होत होतं ते आता त्याला सगळं दिसलं. सायमी सकाळी बसायची, चित्रावर टिचकी मारायची, कोरा अंक यायचा, ती लिहायला लागायची. मग कॉफी ठेवायला उठायची, परत यायची, आणि आपण लिहायला घेतलं होतं हे तिच्या लक्षातच राहिलेलं नसायचं. म्हणून पुन्हा टिचकी. पुन्हा कोरा अंक. प्रत्येक अंकाला रेइनोनं हौसेनं घातलेला तो भलामोठा फोटो, आणि तेवढी मेमरी गेलीच. मेमरी दुप्पट केल्यावर यंत्र चारपर्यंत का टिकायचं, तेही उलगडलं. जागा जास्त होती, तेवढे जास्त कोरे अंक मावत होते. यंत्रात काडीचा बिघाड नव्हता. पहिल्या दिवसापासून नव्हता.

आणि त्याच्या तपासणीनं काय केलं होतं? रोज संध्याकाळी त्यानं रीस्टार्ट करून ते सगळे अंक पुसले होते. जपून ठेवायची सोय त्यानं स्वतःच्या हातानं बंद केलेली. त्यांतला एखादा पूर्णही असेल. एखाद्या चांगल्या दिवशी तिनं इर्याचं सगळं लिहून काढलंही असेल, आणि संध्याकाळी नवऱ्यानं येऊन, वैतागून, बटण दाबलं असेल. "खाऊन टाकतं मेलं," ती म्हणायची. खरंच म्हणायची की.

त्याला एकामागून एक आठवायला लागलं. मोयाक्का रस्सा दोन वेळा अळणी झाला होता. हेल्वीच्या, म्हणजे सायमीच्या धाकट्या बहिणीच्या, वाढदिवसाला फोन करायचा राहिला होता. दुकानातून येताना ती ओळखीच्या रस्त्यावर उभी राहून "इथून कसं जायचं रे?" म्हणाली होती आणि तो हसला होता. सगळं डोळ्यांसमोर घडत होतं आणि हा बाबा तळघरात पंखे पुसत बसला होता. रेइनो शिवणाच्या टेबलावर डोकं टेकून रडला. मोठ्यानं रडला, आई गेली तेव्हाही असा रडला नव्हता. घरात कुणी नव्हतं ते बरं.

मग त्यानं तोंड धुतलं आणि कामाला लागला, कारण दुसरं काही त्याला येत नव्हतं. प्रत्येक खिडकीतली चांगली वाक्यं त्यानं उचलली. एकीतली शाईची दौत, दुसरीतलं त्या दोघींचं गोठलेल्या तळ्यावरचं चालणं, तिसरीतलं इर्याचं ते फिसकन येणारं हसू. सगळं एकाखाली एक मांडलं. स्वतःचा एक शब्द घातला नाही. त्याला घालताही आला नसता. इर्याच्या आईच्या गावाची जागा मोकळी होती. त्यानं ते वाक्यच काढून टाकलं. अंक छापला, घडी केली, अंगावर कोट चढवला आणि चर्चच्या ऑफिसात गेला.

पास्टर मारित टेबलाशीच होती. तिनं वाचलं, आणि वाचताना तिचे डोळे भरले. "सायमीच लिहू शकते असं," ती म्हणाली. "वेळेत दिलंत. आता समितीला मी सांगते, पत्रक सायमीकडेच राहू दे."

रेइनोनं टोपी हातात चुरगाळली. "नको, पास्टरबाई. यापुढे दुसऱ्या कुणाला द्या."

"का? तिचा जीव आहे त्यात."

"माझं यंत्र बेभरवशाचं झालंय. मीच बिघडवलं. नवीन काहीतरी घालायची हौस आली आणि आता मलाच ते उमगेना. तिनं बिचारीनं किती वेळा लिहिलं आणि मी पुसून टाकलं. खोटं नाही सांगत, माझ्या हातानं पुसलं. माझं डोकं चालत नाही आता. पुढचा अंक असाच बुडेल आणि लोक तिला बोल लावतील. ते मला नको आहे."

यंत्रापुढे मी हरलो, अशा अर्थाचं वाक्य रेइनो किवेलाच्या तोंडून त्या गावात पहिल्यांदाच निघालं. पास्टर मारितनं त्याच्याकडे निरखून बघितलं.

"रेइनो, सायमी बरी आहे ना?"

"तिला काय धाड भरलीय?" रेइनो म्हणाला. "बिघाड माझ्याकडे आहे."

ती टेबलामागून उठून आली, त्याच्या कोटाच्या बाहीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

सायमीला कळलं तेव्हा तिनं आकाशपाताळ एक केलं. "कोण तू माझं पत्रक देऊन टाकणारा? मला विचारलंस? तुझ्या त्या मेल्या यंत्रापायी माझं तेर्वेइसिया गेलं! तुला नाही जमत तर सांगायचं होतंस, मी हातानं लिहिलं असतं!" रेइनो खाली मान घालून ऐकत राहिला. ती थकून खुर्चीत बसली आणि रडायला लागली, आणि त्याला जवळ जाववेना. काय सांगणार होता तो? खरं सांगितलं असतं तर तिनं उद्या विसरून पुन्हा विचारलं असतं, आणि त्याला ते पुन्हा सांगावं लागलं असतं. एकदाच कसंबसं जमलं असतं. रोज नाही.

मंगळवारी ओरेस्टनं विचारलं, "काय मग, डबे बघितलेस का?"

"बघितले."

"काय निघालं?"

"चूक माझीच होती. रीस्टार्ट करत होतो."

"म्हातारा झालास तू," ओरेस्ट हसला, आणि कंपू हसला. रेइनोही हसला. गावात मग तेच पसरलं. किवेलाचं डोकं गेलं, आता यंत्र दाखवायला त्याच्याकडे कुणी नेऊ नका.

सर्व संतांच्या दिवशी चर्चमध्ये इर्याच्या नावाची मेणबत्ती लागली, आणि पास्टर मारितनं सायमीचा मजकूर फिनिशमध्ये, आपल्या मोडक्या उच्चारांत, वाचून दाखवला. बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. सायमी ताठ बसली होती. रेइनोनं तिचा हात हातात घेतला, आणि तिनं तो काढून घेतला नाही.

त्याच आठवड्यात रेइनोनं डॉक्टरांना फोन लावला. दोघांचे डॉक्टर एकच होते. काय बोलायचं ते ठरवून, तळघराचं दार लावून तो बोलला. मग वर येऊन सायमीला म्हणाला, "मला गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय. मी हल्ली विसरतो ना. ते म्हणाले, घरचं माणूस बरोबर आणा, दोघांनाही प्रश्न विचारायचेत. येशील?" सायमीनं त्याच्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा राग क्षणात उतरला. येते म्हणाली.

शनिवारी दुपारी रेइनो सॉनाचं लाकूड आणायला तळघरात गेला. लाकडं कवेत घेऊन जिना चढताना त्याला सायमीचा आवाज ऐकू आला. ती फोनवर होती, सडबरीच्या हेल्वीशी बोलत होती.

"नाही गं, रागावू कशी आता त्याच्यावर? आधी रागावले होते. पण त्याचं डोकं हल्ली चालत नाही, हेल्वी. कॉम्प्युटर नीट करता येईना त्याला! रेइनोला! तूच सांग. स्वतःहून म्हणाला, डॉक्टरांकडे माझ्याबरोबर चल. जन्मात कधी कुणाकडे काही मागितलं नाही त्यानं... हो, मी जाणार ना. तो सांगायचं विसरेल, मी सगळं सांगेन डॉक्टरांना. तू त्याच्याजवळ काही बोलू नकोस हं, त्याला वाईट वाटेल. मी आहे ना. मी धडधाकट आहे तोवर त्याला काही कमी पडू द्यायची नाही."

रेइनो जिन्यातच थांबला. लाकडांचं ओझं होतं, पण त्याला वर जाववेना, की ते खाली ठेववेना. फोन ठेवल्याचा आवाज आला तेव्हा तो वर गेला. सायमीनं त्याच्या हातांतली वरची दोन लाकडं काढून घेतली, कोटावर चिकटलेली साल झटकली आणि त्याच्या गालावर हात ठेवला.

"सकाळची गोळी घेतलीस का रे? विसरतोस तू हल्ली."

गोळी त्यानं घेतली होती.

"विसरलो खरा," तो म्हणाला. "तू आठवण करत जा गं."